सल्ल्याची फरशी

सरोज बिराजदारला कुणी सल्ला दिला की तिच्या झोपायच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या बोळात एक फरशी वाढायची. टक्क आवाज व्हायचा आणि स्वयंपाकघर तेवढं लांब जायचं.

पाच वर्षांपूर्वी थायरॉईडची गोळी सुरू झाली तेव्हापासूनचं हे. पहाटे उपाशीपोटी गोळी, मग अर्धा तास चहा नाही. गोळी गिळली की ती निघायची, पण पोचेपर्यंत यजमानांनी करून ठेवलेला चहा थंडगार होऊन त्यावर साय धरलेली असायची. सोलापूरचा मे महिना, लोक पंख्याखालून हलेनात, आणि ही बया स्वेटर घालून बोळातून चाललेली! तिच्याकडे यायला दुसरं कुणी स्वयंपाकघरातून बोळात शिरलं की दोन पावलांत पुन्हा स्वयंपाकघरातच निघायचं. म्हणून तिचे यजमान महादेवराव हल्ली बाहेरच्या खोलीत झोपत.

सरोजला भीतीपेक्षा कुतूहलच जास्त. तिनं खडूनं खुणा करून पाहिल्या. "चालत जा गं, वजन उतरेल," नणंद सुमन म्हणाली. टक्क. "कोबी सोड." टक्क. "आळस झटक, मन रमव." त्या दिवशी दोन वाढल्या. नुसती चौकशी केली तर मात्र एकही वाढणार नाही, असा तिचा अंदाज होता. पण चौकशी करतंय कोण!

"अहो, बोळ लांब झालाय," ती ओरडून म्हणाली.

महादेवराव बोळाच्या पलीकडच्या टोकाला दाढी करत होते. "दिसतंय ना. तू फार बारीक दिसतेस इथून."

"बारीक? मी?" तिला हसूच आलं. हातातल्या बांगड्या निघेनाशा झाल्या होत्या.

"हळद-दूध घेत जा," ते म्हणाले. टक्क.

लेकीच्या, पल्लवीच्या, डोहाळजेवणाच्या दिवशी बोळ एकशे बारा फरशांचा झाला होता. केस गळाले, आवाज बसला, कशाची म्हणून हौस उरली नव्हती. पण पल्लवीची ओटी सरोजला स्वतःच्या हातानं भरायची होती. खण-नारळाचं ताट घेऊन ती पहाटेच निघाली. साठाव्या फरशीवर पाय भरून आले, तशी तिथंच बसली.

दहा वाजता स्वयंपाकघरात बायका जमल्या. बोळात डोकावून बघताना सगळ्यांना तिची कणव आली, आणि कणव आली की माणसं जे करतात तेच त्यांनी केलं.

"अगं, भिंतीला धरून ये!"

"दीर्घ श्वास घे!"

"रात्री लवकर झोपत जा!"

टक्क, टक्क, टक्क. हिरव्या साडीतली पल्लवी बाहुलीएवढी दिसायला लागली.

"गप्प बसा सगळ्या!" पल्लवी ओरडली. ती बोळाच्या तोंडाशी आली. "आई, दमलीस का गं?"

सरोजला रडू फुटलं. पाच वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. "दमले गं बाई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "फार दमले."

एकही फरशी वाढली नाही. तिचा अंदाज खरा निघाला होता.

मग तिनं ताटातला नारळ उचलला, डोळ्यांना लावला आणि फरशीवरून लेकीकडे गडगडत सोडून दिला. सुमननं काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला. बाकीच्यांनीही तेच केलं. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत पल्लवी खाली बसायला लागली, पदर पसरून.

"वाकू नकोस गं, पोटावर ताण..." सरोज बोलून गेली.

टक्क. ही फरशी पल्लवीच्या पुढ्यात निघाली, अन् पल्लवी पसरल्या पदरासकट हातभर मागे सरकली. तिनं चमकून आईकडे पाहिलं.

नारळ मध्यावर आला होता. पदर घट्ट धर, एवढंच सरोजच्या ओठांवर आलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. नारळ अजून गडगडत होता.