तुझा शर्ट तू धू

सात वर्षांची असताना तिने टीव्हीवर एक शिवी दिली आणि तेव्हापासून तिचं नाव टूं पडलं.

जाहिरात वॉशिंग मशीनची होती. ऑफिसातलं लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना सुटाबुटातले सात-आठ साहेब, आणि टेबलावर चक्क बूट घालून उभी असलेली, मोठ्या माणसाचा कोट घातलेली ही दोन वेण्यांची चिमुरडी. साहेबांवर बोट रोखून ती म्हणायची, "माझ्या आईने जन्मभर तुमची धुणी धुतली. आता बास! तुझा शर्ट तू धू रे, टूं!" ते 'टूं' म्हणजे शिवी ऐकू येऊ नये म्हणून वर टाकलेला आवाज. पण ओठ स्पष्ट दिसायचे, त्यामुळे शेंबड्या पोरालाही शिवी कळायची. मग साहेब घाबरून शर्टाची बटणं काढायला लागायचे आणि पडद्यावर मशीन यायचं.

जाहिरात तुफान गाजली. अर्धे लोक म्हणाले, लहान मुलीच्या तोंडी हे काय घालता. अर्धे म्हणाले, शाब्बास, कोणीतरी बोललं एकदाचं. मशीन दोन्ही अर्ध्यांनी घेतलं.

शिवीचा अर्थ तिला माहीत नव्हता. तिने विचारला होता, तेव्हा मेकअप करणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुझं नाक हलवू नकोस बाळा." आई म्हणाली, "ऐकूच येणार नाहीये, मग अर्थ कशाला?"

पुढे शाळेत बाकावर कोणी 'टूं' कोरलं, कोणी वहीवर लिहिलं. मामाच्या लग्नात पाहुण्यांनी तिला खुर्चीवर उभं केलं, "म्हण ना एकदा!" आणि तिने म्हटल्यावर सगळे पोट धरून हसले. तिलाही तेव्हा मजाच वाटली. मजा संपली ती चौदाव्या वर्षी. शाळेच्या जिन्यात एका मोठ्या मुलाने तिला भिंतीशी दाबलं. जीव खाऊन तिने त्याला ढकललं आणि तीच शिवी हासडली. या खेपेला अर्थ माहीत होता. पायऱ्यांवर उभ्या असलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. "अरे, टूं! जाहिरात! परत म्हण!" तो मुलगाही हसत हसत निघून गेला.

त्या दिवसानंतर ती फारसं मोठ्याने बोललीच नाही.

आता ती सव्वीस वर्षांची होती आणि कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप पाठवत. त्यावरून प्लास्टरचा साचा काढायचा, मेणात एकेक दात बसवायचा, मग मेणाच्या जागी प्लास्टिक भरून शिजवायचं, घासायचं, चमकवायचं. तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा, कानाशी घासणीच्या मशीनची घरघर. ओळखायला कोणाला वावच नव्हता. शेजारच्या बाकावरचे काका तीस वर्षं हेच काम करत होते. ते म्हणायचे, "जगात सगळे दात काढतात, आपण बसवतो." तिला ते काम मनापासून आवडायचं.

एका दुपारी तिथे एक बाई आली. पांढरे आखूड केस, खांद्याला मोठी पिशवी. दारात उभं राहून तिने आत नजर फिरवली आणि टूंला मास्कसकट ओळखलं.

"भुवई अजून तशीच आहे तुझी," ती म्हणाली.

टूंनेही तिला ओळखलं. जाहिरात लिहिणारी मावशी. शूटिंगच्या दिवशी हिनेच तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या होत्या.

दोघी मागच्या खोलीत प्लास्टरच्या पोत्यांशेजारी बसल्या. मावशींनी आढेवेढे घेतले नाहीत. मशीनवाल्या कंपनीला तीच जाहिरात नव्याने करायची होती. तेच टेबल, तसेच साहेब, नवी सात वर्षांची मुलगी. शेवटी टूंने यायचं आणि मुलीच्या खांद्यावर आपल्या हाताने तो कोट चढवायचा.

"एका पिढीने दुसरीला दिलेला आवाज," मावशी म्हणाल्या. "असं त्यांचं म्हणणं आहे."

"आणि तुमचं?"

"तुला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नव्हते. म्हणून आले."

टूंने जिन्यातली गोष्ट आजवर घरीसुद्धा सांगितली नव्हती. ती तिने मावशींना सांगितली, हातावरचं वाळलेलं प्लास्टर खरवडत, अगदी सपाट आवाजात. सांगून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मला वाटलं होतं, मी तुझ्या हातात काहीतरी देतेय."

"येते मी शूटिंगला," टूं म्हणाली. "कोट घालायला नाही. त्या मुलीला बघायला."

शूटिंगच्या ठिकाणी तेच लांब टेबल मांडलं होतं. नव्या मुलीला घरचे भिंगरी म्हणत, आणि का ते दोन मिनिटांत कळलं. टेबलाखालून जा, दिव्यांच्या वायरी मोज, साहेब झालेल्या नटांचे टाय ओढून बघ. तिच्यासोबत तिचे बाबा आले होते, एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्यात तिचे बूट घेऊन. पुढचे दोन दात पडलेली भिंगरी टूंसमोर येऊन थबकली.

"ताई, तू आधीची मी आहेस ना?"

"हो, तसंच म्हणतात."

"मग सांग, हा शेवटचा शब्द काय आहे? बाबा म्हणतात, डायरेक्टरला विचार. डायरेक्टर म्हणतात, तो ऐकूच येणार नाही."

टूं तिच्यासमोर उकिडवी बसली. "तो समोरच्याला लागावं म्हणून म्हणायचा शब्द आहे. खूप राग आला, दुसरं काही हाताशी नसलं, की लोक म्हणतात."

भिंगरीने टेबलाकडे बघितलं. "पण त्या आजोबांनी मला मघाशी गोळी दिली. त्यांना कशाला लागायला हवं?"

बाबांच्या हातातला एक बूट खाली पडला. "मला वाटलं, नुसती गंमत आहे," ते पुटपुटले. त्यांनी मुलीला जवळ घेतलं. "तुला नको असेल तर आपण घरी जाऊ."

"घरी नको!" भिंगरी किंचाळली. "मला टेबलावर उभं राहायचंय! फक्त तो शब्द नको."

घोडं इथेच अडलं. कंपनीचे मार्केटिंगचे साहेब पुढे आले. तरुण, नम्र, घाईत. शब्द नसेल तर जाहिरातीत उरतं काय, असं त्यांचं म्हणणं. "बायकांच्या हक्काचाच तर विषय आहे," ते टूंला म्हणाले. "तुम्हीच समजवा ना तिला."

टूं उभी राहिली. आपला आवाज एवढा चढेल असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

"विषय हक्काचा आहे ना? मग शिवी मी देते. माझं वय आहे. अर्थ ठाऊक आहे, आणि कोणाला द्यायची तेही ठाऊक आहे. तिला कशाला पुढे करता?"

साहेब अवघडून हसले. "मॅडम, राग मानू नका. पण लहान मुलीने म्हटलं की गोड वाटतं. मोठ्या बाईने म्हटलं की..." त्यांनी शब्द शोधला. "कडवट वाटतं. घरातलं भांडण वाटतं. लोक चॅनेल बदलतात."

मावशींचा आवाज आला, मागून, दिव्यांच्या अंधाऱ्या बाजूने.

"एकोणीस वर्षांपूर्वी, अगदी हेच वाक्य." त्या उजेडात आल्या. "ती ओळ मी मोठ्या बाईसाठीच लिहिली होती. माझी आई चाळीस वर्षं बाबांचे शर्ट धूत आली आणि एकदाही बोलली नाही. तिच्या वयाची बाई टेबलाशी उभी राहून बोलेल, असं मी लिहिलं होतं. तेव्हाचे साहेब म्हणाले, कडवट वाटतंय, लहान मुलीला द्या. आणि मी दिलं." त्या टूंकडे वळल्या. "जे घरी म्हणायची माझी छाती झाली नाही, ते मी तुझ्याकडून म्हणवून घेतलं. शिवीसकट."

इतकी वर्षं मनातल्या मनात ती या बाईशी भांडत आली होती. आता समोर उभी होती ती फक्त एक थकलेली, खरं बोलणारी बाई.

"दिवे लागलेच आहेत," मावशी डायरेक्टरला म्हणाल्या. "दहा मिनिटं द्या. एकदा हिच्यावर घेऊ. आवडलं नाही तर पुसून टाका."

टूं टेबलावर चढली नाही. ती टेबलाच्या टोकाशी, स्वतःच्या रोजच्या कपड्यांत, उभी राहिली. साहेब झालेल्या नटांकडे तिने एकेक करून बघितलं. तिने शिवी दिली नाही. गरजच पडली नाही.

"माझ्या आईने जन्मभर तुमची धुणी धुतली," ती म्हणाली. "मी धुणार नाही. तुझा शर्ट तू धू."

गोळी देणाऱ्या आजोबांनी नकळत मान खाली घातली. ते कागदावर लिहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं, जिन्यातलंसुद्धा. आई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. भाजी बाजूला सारून ती म्हणाली, "तेव्हा सगळे विचारायचे, मुलीला हे कसं करू दिलंस. मी म्हणायचे, नाव होईल पोरीचं. खरं सांगू? टीव्हीवर ते वाक्य लागलं की तुझे बाबा पेपर खाली ठेवायचे आणि माझ्याकडे बघायचे. तेवढ्यासाठी मी ती जाहिरात लागायची वाट बघत टीव्हीसमोर बसायचे." तिने डोळे पुसले. "माझं बोलणं मी बोलायला हवं होतं गं. तुझ्या डोक्यावर ते ओझं नको होतं."

"अजून बोल ना," टूं म्हणाली. "बाबा बाहेरच बसलेत."

आई हसली. आणि खरंच उठली. बाहेरच्या खोलीत ती काय बोलली ते टूंने कान देऊन ऐकलं नाही. पण बोलणं बराच वेळ चाललं होतं, आणि बाबांच्या आवाजात चिडचिड नव्हती.

कंपनीत तीन आठवडे खल झाला. शेवटी मोठी जाहिरात बारगळली. टूंवर घेतलेली वीस सेकंदं त्यांनी, बघू तरी, म्हणून काही दिवस दाखवली. काहींनी ती बाई उद्धट आहे म्हणून कळवलं. साहेबांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, लोकांनी चॅनेल बदललेही असतील. पण ज्या बायकांनी बदललं नाही, त्यांची पत्रं मावशींकडे येत राहिली, आणि त्या ती पिशवीत भरून टूंला आणून देत राहिल्या. कवळ्यांच्या खोलीत जेवणाच्या सुट्टीत काका ती चष्मा लावून मोठ्याने वाचायचे. एकदा वाचता वाचता ते थांबले, पत्राची घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः धुऊन इस्त्री केलेला, एका बाहीवर इस्त्रीचा डाग पडलेला शर्ट घालून आले.

एका शनिवारी भिंगरी बाबांना घेऊन तिथे हजर झाली. तिला दात कसे बनतात ते बघायचं होतं. तिने सगळ्या साच्यांना हात लावला, मेणाचा वास घेतला, आणि माझ्या तोंडाचा साचा काढ म्हणून टूंच्या मागे लागली.

"काढते. पण माप घ्यायचा मसाला घट्ट होईपर्यंत दोन मिनिटं गप्प बसावं लागेल."

"दोन मिनिटं? हिला?" बाबा म्हणाले.

भिंगरी बसली. तोंडात मसाल्याचा लगदा, डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे, पाय खुर्चीखाली सारखे हलणारे. काकांनी घासणीचं मशीन बंद केलं. दोन मिनिटं झाल्यावर टूंने अलगद माप बाहेर काढलं. त्यात छोटे छोटे दात आणि पुढची रिकामी जागा नीट उमटली होती.

"आता बोलू?" भिंगरीने विचारलं.

"बोल."

आणि ती सुरू झाली. शाळेत तिला कप्तान का केलं नाही, कप्तान ठरवण्याची पद्धत कशी चुकीची आहे, उद्या ती बाईंना नेमकं काय सांगणार आहे, आणि बाईंनी ऐकलं नाही तर मुख्याध्यापकांना काय सांगणार आहे. टूंने मास्क काढला, हनुवटी हातावर टेकली आणि ऐकत राहिली.