बिनआवाजाची खोळ

"हलवून बघा," दारूच्या कंपनीच्या बाई म्हणाल्या, आणि धाकट्यानं हात पुढे करायच्या आत त्यांनी स्वतःच कातड्याची खोळ कानाशी धरून हलवली. आत त्यांनीच आणलेली व्हिस्कीची बाटली होती, तिच्याशेजारी काचेचा छोटा पेला होता, आणि तरी हूं की चूं नाही. "काचेशेजारी काच असूनही आवाज म्हणून नाही. काय डोकं आहे! कुणी केलीय?"

"थोरल्या भावानं."

"कशासाठी केली होती?"

"हौस," धाकटा म्हणाला.

धाकटा बावन्न वर्षांचा होता. थोरल्याला जाऊन सहा वर्षं झाली, पण 'धाकटा' हे नाव काही त्याला सोडून गेलं नव्हतं. कातड्याच्या कामाचं दुकान दोघांचं होतं. दोन पाट, दोन ठोकळे, समोरासमोर. थोरल्याच्या पाटावर आता कुणी बसत नसे, तरी काम करता करता धाकटा मान वर न करता मेणाचा गोळा समोर धरायचा, आणि घेणारं कुणी नाही हे हाताला भार लागल्यावर कळायचं. आपल्यालाच वेड लागेल एक दिवस, असं त्याला वाटे. खोळ थोरल्याच्या पाटामागच्या खिळ्याला टांगलेली होती. ती काढायचा धीर कुणाला झाला नव्हता; बाईंनी मात्र दुकानात पाऊल टाकलं आणि सरळ तीच उतरवली.

त्यांच्या कंपनीला हातानं शिवलेल्या तीनशे खोळी हव्या होत्या, बाटलीसोबत विकायला. सोबत एक कार्ड आणि कार्डावर कारागिराची गोष्ट. दहा दिवसांत एक नमुना कचेरीत आणून द्यायचा. "अगदी अशीच," त्या जाताना म्हणाल्या. "ही शांतता हवी मला."

तीनशे म्हणजे वर्षभराचं काम. लोक यंत्रावरचे पट्टे नि पाकिटं घेऊ लागल्यापासून दुकान नुसतं उघडं होतं, एवढंच. हे काम हातचं गेलं तर धाकट्याला कुठल्यातरी गोदामाच्या दारावर राखण करत बसावं लागणार होतं. आणि वहिनीचं काय? थोरल्याची बायको गेली सहा वर्षं दुकानातच कडा घासायचं काम करत होती. पंचावन्नाव्या वर्षी तिला दुसरं कोण ठेवून घेणार?

दुकानात कागदी साचा नव्हता. थोरला साचा करतच नसे, सगळं बोटांत. तेव्हा नक्कल करायची तर मूळ वस्तू उसवायची, हाच एक मार्ग. धाकट्यानं आरी घेतली आणि खोळीच्या तोंडाकडचा भावाचा पहिला टाका तोडला. तोडताना त्याला भरून आलं. असे टाके जगात आता कुणी घालणार नव्हतं.

मग बाजूची आतून घातलेली शिवण सुटली, तेव्हा भोकांची एक ओळ निघायला हवी होती. तीन निघाल्या.

सगळ्यात आतली ओळ चपटीच्या, म्हणजे खिशात मावणाऱ्या छोट्या बाटलीच्या मापाची. डावखुऱ्या थोरल्याचे टाके तिरके पडत, ते उलट्या अंगाला. ओळखायला वेळ लागला नाही. दुसरी ओळ बोटभर बाहेर, बाटली मोठी झालेली, टाके थोरल्याचेच पण वेडेवाकडे. नमदा याच ओळीत आला होता, म्हणजे बाटली नि पेला यांच्यामधला लोकरीचा जाड थर. तिसरी ओळ पट्टी जोडून आणखी बाहेर. तिचे टाके मात्र सुलट्या अंगाचे, बारीक, एकाला एक लागून. थोरल्याचे नव्हेत आणि आपलेही नव्हेत, हे धाकट्याला पाहताक्षणी कळलं. दोघांचं आयुष्य एका खोलीत गेलं आणि तिसरा हात कुणाचा, हे ठाऊक नाही म्हणजे काय? त्यानं उगाच दाराकडे पाहिलं.

"माझे आहेत ते," वहिनी म्हणाली.

ती कडा घासायचं फडकं हातात घेऊन मागेच उभी होती. ती कधी आली, त्याला कळलं नव्हतं.

"वहिनी, तुम्ही? तुम्हाला माहीत होतं?"

"मोठी बाटली मावेना, म्हणून ते रुमालात गुंडाळून न्यायला लागले होते. हात तर थरथरायचे. एक दिवस भर रस्त्यात पडली. लोक बघत उभे, आणि हे खाली बसून काचा वेचतायत. मला नाही बघवलं, भाऊजी. म्हटलं, प्यायचे ते पिणारच. निदान चव्हाट्यावर तरी नको." ती पाटाच्या कडेवर टेकली. "ते आंघोळीला गेले की थोडे थोडे टाके घालायची. तीन दिवस लागले. त्यांनी ओळखलं, पण बोलले नाहीत."

धाकट्यानं सुटा नमदा उचलला. थोरला दारूपायी गेला त्या दिवशी दारात जमलेल्या सगळ्यांना त्यानं सांगितलं होतं, हातभर अंतरावर बसायचो, पण मला पत्ताच नव्हता. सहा वर्षं तेच पालुपद. आता मात्र ते तोंडातून निघेना.

"हा मी कापून दिला," तो म्हणाला.

वहिनीनं वर पाहिलं.

"दादानं मागितला. कशाला ते मला कळलं होतं. आधी पातळ देत होतो, मग म्हटलं जाडच बरा. घरात तुम्हाला ऐकू जाईल म्हणून."

 तिनं फडक्याची घडी केली, मोडली, परत केली.

"तरीच," ती म्हणाली. "मी कान लावून बसायची. मधली दोन वर्षं काही ऐकू यायचं नाही. मला वाटलं, दारू सुटली."

तिनं एवढंच म्हटलं. शिव्या दिल्या असत्या तरी धाकट्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला आली. धाकट्यानं नवं कातडं बेतून ठेवलं होतं, नमदाही काढून ठेवला होता. तिनं तो उचलून बाजूला केला.

"हा नको."

"त्यांना शांतच हवीय, वहिनी. काम जाईल."

"जाऊ दे. मग दोघं मिळून दुसरं काहीतरी बघू. पण आपल्या हातची असली वस्तू तीनशे घरांत नको." ती खोळीची बाजू शिवायला थोरल्याच्या पाटावर बसली. धाकटा दुसरी बाजू घेऊन समोर बसला. त्या दिवशी मेणाचा गोळा पुढे धरला तेव्हा तो कुणीतरी घेतला.

दहाव्या दिवशी दोघं कचेरीत गेले. बाईंनी नमुन्यात बाटली नि पेला घातला, कडांवरून बोट फिरवलं, खूश झाल्या. मग खोळ हलवली आणि त्यांचा हात थांबला.

"ही वाजतेय."

"हो," धाकटा म्हणाला.

"मी तर त्याच एका गोष्टीसाठी तुमच्याकडे आले होते."

"ती हौसेनं केलेली नव्हती, मी खोटं बोललो," धाकटा म्हणाला, आणि त्यानं वहिनीकडे पाहिलं. वहिनी पुढे झाली.

"ती माझ्या नवऱ्यानं माझ्यापासून दारू लपवायला केली होती," ती म्हणाली. "आम्ही दोघांनी त्याला मदत केली. तसली आता शिवणार नाही. अशी चालत असेल तर तीनशे देऊ, वेळेत देऊ."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "माझ्या एकटीच्या हातात नाही हे," त्या हळूच म्हणाल्या. "वर विचारून येते. बसा."

खोळ घेऊन त्या बाहेर गेल्या. बाहेर लांबलचक फरशीचा बोळ होता. प्रत्येक पावलाला पेला बाटलीवर आपटत होता. बोळाच्या टोकाला एक दार उघडलं, मिटलं, तोवर तो आवाज खोलीत ऐकू येत होता.

वहिनी दाराकडे तोंड करून बसून होती.

"केवढा येतो हो," ती म्हणाली.