पटाच्या आठवड्यातली कॅप्सूल

शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचा, शेवटचा दिवस बायकांचा असतो, आणि त्या दिवशी उज्ज्वला राठोडची जोडी सुटली की माणसं तोंडातला खर्रा चघळायचं विसरत. छकड्यावर उभी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, दोन्ही कासरे एका मुठीत. नेर तालुक्यात तिच्या तोडीची धुरकरी बाई नव्हती. पटात बैलजोडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात, आणि हा शब्द बाईला लावताना कुणाची जीभ अडखळलीच तर ती उज्ज्वलाची धाव बघेपर्यंतच.

तांड्यावर तिचं घर. कापूस, सोयाबीन, तूर यांचं सगळं नवरा खेमसिंग बघायचा. बैल मात्र उज्ज्वलाचे. काजळ्याच्या डोळ्यांभोवती काळं कडं, भिंगऱ्याच्या अंगावर ठिपके. गोऱ्हे होते तेव्हापासून तिनेच त्यांना चारलं, धुतलं, पळवलं. तुतारी, म्हणजे टोकदार काठी, तिने त्यांना कधी दाखवलीसुद्धा नाही. आता तर पटात तुतारीला बंदीच आहे. उज्ज्वलाची नुसती आरोळी पुरायची.

पन्नाशी जवळ आली तशी तिची पाळी लांबत लांबत गेली, आणि अंगात आग पेटू लागली. माघाच्या थंडीत ती घामाने निथळायची. झोप तर गेलीच. मागच्या वर्षीच्या पटात ऐन धावेत ती आग आली, तळहात घामाने निसरडे झाले, कासरा सुटला आणि जोडी मैदान सोडून तुरीत शिरली. लोक हसले.

"दवाखान्यात जाऊ," सासू जमनाबाई म्हणाली. "माह्या वेळी असं काही नोतं. आता औषध हाये म्हनतात तर जाऊन पाहू."

यवतमाळच्या डॉक्टर गुल्हाने यांनी रक्तदाब बघितला, छाती तपासली, सोनोग्राफी केली, घरात कुणाला कॅन्सर होता का विचारलं. मग रोज मांडीला चोळायची एक जेल दिली आणि महिन्यातले बारा दिवस झोपताना घ्यायची एक कॅप्सूल.

त्या जेलने काय जादू केली! आठ-दहा दिवसांत उज्ज्वला गाढ झोपू लागली. पहाटे उठून गोठ्यात गाणी म्हणू लागली. आग विझली. तिने खेमसिंगला सांगून टाकलं, "यंदाचा पट माहा हाये. लिहून ठेव."

मग कॅप्सूलचे दिवस आले.

पहिल्या सकाळी डोकं जड. दोन-तीन दिवसांत पोट फुगलं, ब्लाऊज छातीवर रुतू लागला, आणि मनावर कुणीतरी ओलं घोंगडं टाकावं तसं झालं. भाकर करपली म्हणून ती रडली. जमनाबाईने मीठ मागितलं तर अशी ओरडली की शेजारची कुत्री भुंकायला लागली. कॅप्सूल थांबली की दोन दिवसांत घोंगडं उडून जायचं आणि उज्ज्वला पुन्हा उज्ज्वला व्हायची. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात तर फारच झालं. सराव करताना भिंगऱ्या जरा आडवा ओढू लागला, आणि तिने कासरा इतक्या जोराने खेचला की त्याच्या नाकातून, वेसणीपाशी, रक्त आलं. तो बैल वळून तिच्याकडे बघत राहिला. ती छकड्यावरून उतरली, बांधावर बसली आणि खेमसिंगला म्हणाली, "बजारात इकून टाक यायले."

"कोनाले?"

"दोघायले. माह्याच्यानं होत नाही आता. मी वाया गेली."

खेमसिंग तसाच घरी आला आणि त्याने आईला सांगितलं.

"हे तिचं बोलनं नोहे," जमनाबाई म्हणाली. "तू पाह्यलं नाही का? रातची ती गोळी सुरू झाली का आपली सून घरात राहत नाही. बंद झाली का वापस येते."

संध्याकाळी तिने हेच उज्ज्वलाला सांगितलं. म्हणजे आपलं डोकं फिरलेलं नाही? आपण अशा नाही? "याडी," उज्ज्वला म्हणाली. तांड्यावर आईला याडी म्हणतात आणि सासूलाही ती तसंच म्हणायची. "याडी, मले वाटे का मीच वाईट बाई होऊन राह्यली."

"वाईट असती तं बारा महिने असती," जमनाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून उज्ज्वलाने कॅप्सूल बंद केली, जेल चालू ठेवली, आणि कुणाला काही सांगितलं नाही. दोन महिने तिने स्वर्गात काढले. काजळ्या आणि भिंगऱ्या वाऱ्यासारखे पळत होते. शेतातल्या कापूस वेचणाऱ्या बाया काम टाकून सराव बघायला येऊ लागल्या. पट जवळ आला, जेल संपत आली, म्हणून ती जमनाबाईला घेऊन यवतमाळच्या बसमध्ये बसली आणि डॉक्टरांसमोर जाऊन खुशीत म्हणाली, "मॅडम, ते कॅप्सूल मी सोडून देली. आता एकदम फस्कलास हाये!"

डॉक्टर गुल्हाने यांचा हात लिहिता लिहिता थांबला.

"कधीपासून?"

उज्ज्वलाने सांगितलं. डॉक्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "उज्ज्वलाताई, तुमची गर्भपिशवी जागेवर आहे. नुसती जेल लावली की पिशवीच्या आतलं अस्तर वाढत जातं. कॅप्सूल ते वाढणं रोखते. ती नसेल तर अस्तर जाड होत राहतं, आणि पुढे कधीतरी त्यातून कॅन्सरसुद्धा होऊ शकतो. म्हणून दोन्ही एकत्र द्यावी लागतात."

उज्ज्वलाचा चेहरा उतरला. "पन ते कॅप्सूल मले राक्षस बनवते, मॅडम." मग तिने सगळं सांगितलं. मीठ, भाकर, भिंगऱ्याच्या नाकातलं रक्त. सांगताना तिला वाटत होतं, मॅडम हसतील, वयच असं असतं म्हणतील.

डॉक्टर हसल्या नाहीत. "हे मला आधी का नाही सांगितलं? काही बायकांना या कॅप्सूलमधलं प्रोजेस्टेरॉन सोसतच नाही. त्यात नाटक नाही, स्वभावाचा दोष नाही. ते औषध पोटातून गेलं की त्याचा काही भाग मेंदूपर्यंत पोचतो आणि असं होतं. अशा बायका माझ्याकडे येतात. त्यांच्यासाठी दुसरे रस्ते असतात."

"असतात?" उज्ज्वला खुर्चीतून अर्धी उठली. "मंग सांगा ना, बाप्पा!"

त्याच दिवशी सोनोग्राफी झाली. अस्तर थोडं जाड होतं, पण घाबरण्यासारखं काही दिसत नव्हतं. मग डॉक्टरांनी रस्ता सांगितला. कॅप्सूल तीच, पण गिळायची नाही. झोपताना खालून, योनीतून आत सरकवायची. औषध जिथे हवं तिथेच जास्त पोचतं, रक्तात कमी उतरतं, त्यामुळे डोक्याला त्रासही बहुतेक कमी होतो. तेवढ्याने भागलं नाही तर तांबीसारखं एक साधन पिशवीत बसवता येतं, त्यातून हे औषध तिथल्या तिथेच झिरपत राहतं.

जमनाबाईने ते ऐकून पदर तोंडाला लावला. "हाय वो माय! तोंडाची गोळी, अन् कुठं टाकून राह्यले!" उज्ज्वलाला हसू आवरेना. डॉक्टरही हसल्या. बाहेर बसलेल्या बाया दारातून डोकावू लागल्या.

"आजपासूनच सुरू करा," डॉक्टर म्हणाल्या. "अस्तर साफ व्हायला हवं. कॅप्सूल संपली की पाळीसारखं रक्त जाईल, त्याने घाबरू नका. आणि आता मनाने काही बंद करायचं नाही. काहीही वाटलं तर फोन करा."

आज. उज्ज्वलाने बोटांवर दिवस मोजले. पट पुढच्याच आठवड्यात होता, थेट कॅप्सूलच्या दिवसांत.

तिने तसं सांगितलं. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद पुन्हा बघितला. "आठवडाभर थांबलात तर काही बिघडेल असं नाही. सोनोग्राफी चांगली आहे. तुम्ही ठरवा."

उज्ज्वलाने सासूकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या पंख्याकडे. "पट दरसाल येते, मॅडम," ती म्हणाली. "अन् हे दिवस आता दर महिन्याले येनार. कुठवर लपू? आजच सुरू करतो. समोरासमोरच पाहून घेतो!"

तो आठवडा तिने कान टवकारून काढला. पहिली सकाळ: डोकं हलकं. दुसरी: पोट ठीक. ती स्वतःलाच तपासत होती. खेमसिंगने तिचा राग अजमावायला मुद्दाम चहात साखर टाकली नाही. तिने नुसतं "गोड कर" म्हटलं, आणि खेमसिंग अंगणात जाऊन एकटाच नाचला. चौथ्या दिवशी संध्याकाळी डोळे भरून आले. विनाकारण. ती घाबरली. गोठ्यात जाऊन भिंगऱ्याच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली, की आता येईल ते घोंगडं. आलं नाही. थोडं भरून आलं, थोडं वाहिलं आणि संपलं. छाती जड होती, तेवढंच. तिने भिंगऱ्याच्या कपाळावर थाप मारली. "चाल गड्या!"

पटाच्या दिवशी मैदानाच्या दोन्ही बाजूंनी माणसांची भिंत उभी राहिली होती. लाऊडस्पीकरवर ओरडणाऱ्याचा आवाज सकाळीच बसला होता. भजी, उसाचा रस, धूळ, शिट्ट्या. पहिल्या धावेत उज्ज्वलाने दिग्रसच्या जोडीला मागे टाकलं. दुसऱ्या धावेत पुसदच्या. शेवटच्या धावेला तिच्या शेजारी आली केळापूरची प्रेरणा. विशीतली पोरगी, टी-शर्टवर ओढणी बांधलेली, आणि पांढऱ्याशुभ्र बैलांची अशी जोडी की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत.

झेंडी पडली. दोन्ही जोड्या एकाच वेळी उसळल्या. चाकं जमिनीला लागतात की नाही कळेना. माणसांचा एकच लोंढ्यासारखा आवाज, आणि शेवटच्या दोरीवर दोन्ही जोड्या एकदमच. घड्याळ बघितलं, मोबाईलवरचं चित्र बघितलं, पंचांनी डोकी एकत्र केली. लाऊडस्पीकर फाटेस्तोवर ओरडला, "बरोबरी! पुन्हा धाव! पुन्हा धाव!"

बैलांना दम खाऊ दिला. उज्ज्वला छकड्याच्या सावलीत बसली आणि अचानक तिचे हात गळाले. नको आता. होणार नाही. सोडून देऊ. आलं का ते? ऐन वेळेला आलं का?

"काय झालं वो?" खेमसिंगने विचारलं.

"मले लय भेव वाटून राह्यलं. हे कॅप्सूलचं हाये का माह्यं हाये, समजत नाही."

खेमसिंग तिच्याजवळ उकिडवा बसला. "सकाळपासून काही खाल्लं का?"

तिने आठवून बघितलं. चहाशिवाय काही नाही. खेमसिंगने खिशातून तिळाची वडी काढली. तिने एक खाल्ली, दुसरी खाल्ली, वर गटागटा पाणी प्यायली. हातांत पुन्हा बळ आलं. भीती होती तशीच होती, पण ती ओळखीची होती. प्रत्येक पटाआधी वाटायची तीच, जुनी, साधी भीती. उज्ज्वला मोठ्याने हसली. "माह्यंच हाये!" ती ओरडली. "खेमसिंग, हे भेव माह्यं हाये!" आणि उडी मारून छकड्यावर चढली.

दुसरी झेंडी पडली. प्रेरणाची जोडी पहिल्या झेपेतच पुढे गेली. एक मान पुढे. मग एक अंग. माणसं "केळापूर, केळापूर" ओरडू लागली. उज्ज्वलाने कासरे ओढले नाहीत, सैल सोडले. पुढे झुकली, इतकी की तिचं तोंड बैलांच्या पाठीपाशी आलं, आणि पोटातून एक आरोळी दिली. वर्षभराची सगळी आग त्या आरोळीत होती. काजळ्याने कान मागे टाकले, भिंगऱ्याने त्याला साथ दिली, आणि मागे पडलेलं ते एक अंग भरत आलं, भरत आलं. दोरीवर काजळ्याचं नाक आधी पोचलं. नुसतं नाक. पण आधी!

मग काय विचारता. डफडी वाजली, गुलाल उडाला, तांड्यावरच्या बायांनी तिला खाली उतरूच दिलं नाही. जमनाबाई गर्दीतून वाट काढत आली आणि तिने सुनेचे गाल दोन्ही हातांनी धरले. प्रेरणा धुळीने माखलेली जवळ आली. "काकू, पुढच्या वर्षी सोडत नाही तुम्हाले."

"ये ना! वाट पाहतो!"

गर्दी ओसरू लागली तेव्हा एक उंच बाई छकड्यापाशी येऊन उभी राहिली. मानीबाई. उज्ज्वलाच्या आधी हिचंच नाव पटात गाजायचं. दोन-तीन वर्षांपूर्वी तिने अचानक बैल सोडले होते, का ते कुणाला माहीत नव्हतं. ती चाकाशी वाकून हळूच म्हणाली, "उज्ज्वला, रातभर अंगातून जाळ निघते. हात कापते. गोळ्या देल्त्या एका दवाखान्यात, पन त्यानं मले रडूच ये. जीव द्यावा वाटे. फेकून देल्या. घरचे म्हनते, वयाचं हाये, देवाचं नाव घे."

उज्ज्वलाने तिचा हात पकडला. "जीव द्यावा वाटे? अन् कोनाले सांगतलं नाही?"

"कोनाले सांगू?"

"मले सांग. मॅडमले सांग. उद्या सकाळच्या बसनं आपन दोघी यवतमाळले जाऊन राह्यलो. नाही म्हनू नको. गोळी बदलता येते, रस्ता बदलता येते, बाई! रस्ते लय हायेत!"

मानीबाईचे डोळे भरले आणि ओठांवर हसूही आलं. उज्ज्वलाने तिला खांद्याला धरून वर ओढलं. "अन् आता खाली कायले उभी राहतं? चढ!" मानीबाई धडपडत छकड्यावर चढली. उज्ज्वलाने कासरा तिच्या हातात दिला. काजळ्या आणि भिंगऱ्या संथ चालीने निघाले, आणि मैदानात उरलेली माणसं, मानीबाईला ओळखून, पुन्हा एकदा शिट्ट्या मारू लागली.