‘घड्याळ’ ड्रायव्हरचे पोट आणि मी

मित्रांनो, गरम पाणी भरून दुखऱ्या पोटावर ठेवतात ना, ती रबराची पिशवी मी. आता जुनी झाले आहे. बुडाशी चीर गेली आहे आणि न्हाणीघराच्या दारामागे खिळ्याला लटकून असते. कारखान्यात तापल्या साच्यात दाबून मला घडवले, पाणी भरून उलटे धरले आणि मी गळत नाही हे दोनदा पाहिले. त्याचा मला फार अभिमान होता.

औषधांच्या दुकानातून एका बाईंनी मला घरी आणले. त्यांचे यजमान लांब पल्ल्याच्या बसचे ड्रायव्हर. गाडी इतकी वेळेवर आणत, की डेपोत सगळे त्यांना ‘घड्याळ’ म्हणत. एकदा वाटेत काहीतरी बाधले आणि ते आठवडाभर आजारी पडले. ताप उतरला, जुलाब थांबले, पण पोट पूर्वीसारखे झालेच नाही. कधी मुरडा येई, कधी चार-चार वेळा जावे लागे, तर कधी दोन दिवस काहीच नाही.

तेव्हा माझी चैन होती. ड्यूटीवरून आले की ते मला पोटाशी धरून पडत. म्हणत, “हिच्यासारखी साथ कुणाची नाही.”

“अस्सं? मग स्वयंपाकही तिलाच सांगा,” बाई म्हणत आणि दोघेही हसत.

एके दिवशी मात्र ते बूट न काढताच खाटेवर बसले. भरलेली बस आडरस्त्यावर उभी करून त्यांना झुडपामागे पळावे लागले होते. परत येताना मागून कुणी ओरडले, “ड्रायव्हरसाहेब, घरून उरकून निघायचं की!” सगळी बस हसली.

“मग तुम्ही काय केलंत?” बाईंनी विचारले.

“मीही हसलो.”

त्या वेळी मी त्यांच्या पोटावर होते. ते दगडासारखे घट्ट झाले होते.

पुढे पुढे ड्यूटीआधी ते अन्नाला शिवेनासे झाले, पाणीही घोटभरच. कोणत्या थांब्यावर संडास आहे आणि कोणता कुलूपबंद असतो, हे त्यांना तोंडपाठ झाले. आधी मुरडा येई, मग भीती वाटे. आता भीती आधी येऊ लागली आणि तिच्या मागोमाग मुरडा. तपासण्या झाल्या. मित्रांनो, सांगायला वाईट वाटते, पण रिपोर्टमध्ये काहीतरी निघावे असे त्यांना वाटत होते. काहीच निघाले नाही. थोरले भाऊ म्हणाले, “मग झालंय काय तुला? मनाचे खेळ आहेत सगळे. लक्ष देऊ नकोस.” त्यानंतर घरात कुणापुढे त्यांनी पोटाचे नाव काढले नाही. माझ्यात मात्र इतके कढत पाणी भरून घेत, की कातडीवर लाल चट्टे उठत.

मग गावाकडे त्यांची आई अत्यवस्थ झाल्याचा निरोप आला. पाच तासांचा बसचा प्रवास होता. ते कपड्यांची पिशवी भरून निघाले आणि तासाभरात परतले. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. बाईंना म्हणाले, “रजा नाही देत.” चौथ्या दिवशी आई गेली. भावाने बोलणे टाकले.

काही महिन्यांनी बाई त्यांना एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. काय खाता हे सगळ्यांनीच विचारले होते. यांनी विचारले, “घराबाहेर पडताना कशाची भीती वाटते?” घरी येऊन ते मला कवटाळून बसले आणि पहिल्यांदाच खरे बोलले, “रजा मिळाली होती. दोन्ही दिवस तिकीट काढलं होतं मी. गाडी सुटायच्या आधी उतरलो.”

बाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, “मी आले असते की तुमच्याबरोबर.”

दुखणे खरे आहे आणि भीतीने ते वाढते, असे डॉक्टरीणबाईंनी समजावले होते. उपचार दोन्हींवर सुरू झाले. बसने आधी एकच थांबा जायचे, महिन्याने दोन. स्टिअरिंग पुन्हा हाती आले नाही. ते डेपोत टेबलाशी बसतात. वर्षभराने पाच तासांचा प्रवास करून ते भावाकडे गेले आणि सगळे सांगितले. भाऊ म्हणाले, “एवढंच ना? मग तेव्हाच सांगायचंस.” घरी परतून हे सांगताना यजमानांचा आवाज इतका खाली गेला, की बाईंना दोनदा विचारावे लागले.

मित्रांनो, मी फक्त कातडीला ऊब देऊ शकले. तुमच्या घरातले कुणी पोट दुखते म्हणून घरीच राहत असेल, तर रिपोर्ट त्याच्या तोंडावर धरू नका. त्याच्याजवळ बसा. कशाला घाबरतोस, असे विचारा. त्याने सांगितलेच, तर कृपा करून ‘एवढंच ना’ असे म्हणू नका.