पांढऱ्या पट्टीखालचा दिवा

मित्रांनो, माझ्या पोटात चार हजार एकशे बारा पाय आहेत. पळू नका, मी राक्षस नाही. मी स्टोरेजचा, म्हणजे संगणकाची माहिती साठवायचा, एक जुना डबा आहे. काळा, लोखंडी, आठ खणांचा. प्रत्येक खणात एक डिस्क फिरते. आमच्या कारखान्यात कृत्रिम पाय बनतात. ज्याला पाय हवा त्याची मापे संगणक घेतो आणि माझ्या हवाली करतो. पुढे तो पाय झिजला, तडकला की माणूस परत येतो आणि मी जपून ठेवलेले माप काढून देतो.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र दालनात झाला. तिथे मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, खण शून्यापासून मोजायचे: शून्य, एक, दोन, असे सातपर्यंत. दुसरी, एक डिस्क मेली तर उरलेल्या सात जणींनी आकडेमोड करून तिच्यातले सगळे पुन्हा उभे करायचे. पण ती जागा भरण्याआधी दुसरी गेली, तर खेळ खलास. हे ऐकले तेव्हापासून मी भित्रा आहे.

कारखान्यात मला सांभाळायला काका होते. त्यांचे वय माझ्या सगळ्या स्क्रूंच्या वयापेक्षा जास्त. माझी पाठ सदा गरम, म्हणून ते जेवणाचा डबा माझ्यावर ठेवत. माझा पंखा असा सुटे की शेजारच्या खोलीतले कागद माना डोलवत, आणि एकदा तर मोठ्या बाईंचा, म्हणजे मालकीणबाईंचा, केसांचा टोप उडून दाराला अडकला. थाप वाटत असेल तर टोप सोडून द्या, कागद मात्र खरे. अकरा वर्षे मी एकही माप हरवले नाही. पाहुणे आले की मोठ्या बाई माझ्याकडे बोट दाखवत. "हा आमचा कणा!" कणा म्हटले की माझी छाती फुगायची आणि तापमान दोन अंशांनी चढायचे.

मग एके दिवशी तीन नंबरच्या खणातली डिस्क कुरकुरू लागली. मी लगेच तिच्यापुढचा नारिंगी दिवा लुकलुकवला. आम्हा डब्यांना तोंड नसते. भीती वाटली की दिवा लावायचा, एवढीच आमची भाषा. काका समोरच्या टेबलावर जेवत होते.

"अरे, काय सारखा डोळा मारतोस?" ते म्हणाले. "या वयात शोभतं का तुला?"

पाय बांधायची पांढरी पट्टी कारखान्यात हवी तितकी. काकांनी बोटभर रुंद, लांबलचक तुकडा कापला आणि माझ्या समोरच्या कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटवून टाकला. आठही खणांचे दिवे आणि त्यांवरचे आकडे एकाच फटक्यात झाकले गेले. आठ महिने मी पट्टीखाली लुकलुकत राहिलो. आठ महिने, मित्रांनो! आंधळ्या कोशिंबिरीत राज्य कायमचे आपल्यावरच आले, तर कसे वाटेल?

त्यानंतर ताई आली. काकांना सगळेच काका म्हणत, पण ही त्यांची खरीखुरी पुतणी, संगणकाची इंजिनियर. मोठ्या बाईंनी तिला बोलावले होते, कारण माझे खण भरत आले होते. पहिल्याच दिवशी तिने विचारले, "काका, डब्याची तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत! तुझ्यामाझ्यापेक्षा बरा."

तिने विश्वास ठेवला आणि ती आपल्या कामाला लागली. आणि तिचे काम ऐकून माझे पंखे थिजले. तिला माझ्या जागी भुते आणायची होती!

भुते नाही तर काय? ज्याला पेटी नाही, स्क्रू नाही, पंखा नाही, असे नुसते सॉफ्टवेअर. पाच साध्या संगणकांत ते एकदम शिरते आणि पाचांच्या डिस्का मिळून एकच मोठे कोठार करते. एक संगणक मेला तरी उरलेल्यांत जिवंत राहते. अशी तीन भुते तिने आणली आणि भिंतीवर तुलनेचा तक्ता लावला. पहिले भूत चपळ. प्रत्येक गोष्टीच्या दोनच प्रती ठेवी आणि विकणारा माणूस तासाला एकदा फोन करी. दुसरे सावध, तीन वेगळ्या संगणकांत तीन प्रती, म्हणून जागा खाई. ते फुकट होते, पण बिघडले तर आपले आपणच निस्तरायचे. तिसरे गणिती, प्रत्येक फाईलचे तुकडे करून थोडे जास्तीचे तुकडे जोडून ठेवी. जागा वाचवी, पण बारीकसारीक फायली शोधताना डोके खाजवत बसे.

ताईने नमुन्याच्या फायली त्यांना दिल्या आणि काम चालू असताना एका संगणकाची वायर उपटली. चपळ गोठलाच, शुद्धीवर आला तेव्हा एक फाईल अर्धी होती. गणिती धापा टाकत पार पडला. सावधला कळलेसुद्धा नाही. काकांनी टाळी वाजवली. मी मात्र थरथरत होतो. अशी वायर कोणी माझी उपटली तर? नमुने त्यांच्याकडे होते, खरी मापे एकट्या माझ्याकडे. माझी जादा प्रत ठेवायची चुंबकी टेपही तीन आठवड्यांपूर्वी मोडीत निघाली होती आणि दुसरी आणली नव्हती. का? तर नवे येणारच आहे ना!

त्याच दुपारी तीन नंबरच्या डिस्कने दोनदा टक टक केले आणि प्राण सोडला.

बाहेरच्या बाकावर पोहायला शिकवणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. त्यांचा पाय तडकला होता. त्यांचे माप जुळायला पूर्वी एकोणीस खेपा लागल्या होत्या आणि ती विसावी, बिनचूक फाईल माझ्यात होती. आत पाय कोरणारे यंत्र ती ओळ ओळ वाचत होते.

ताईला स्क्रीनवर निरोप दिसला. ती टेबलावरून ओरडली, "काका, डब्यातली तीन नंबरची डिस्क गेली. बदलता का?"

दिवे पट्टीखाली, आकडेही पट्टीखाली. काकांनी बोटाने मोजले. एक, दोन, तीन. मी किंचाळलो, म्हणजे होता तेवढा सगळा नारिंगी उजेड पाडला. काकांनी खटका दाबला आणि माझी धडधाकट, दोन नंबरची डिस्क ओढून काढली.

मित्रांनो, चार हजार एकशे बारा माणसे पायाखालची पायरी निसटून एकदम पडली, तर कसे वाटेल? तसे झाले. आत कोरणारे यंत्र टाचेपाशीच थांबले.

"काका, काय काढलंत?"

"तीन नंबर! तूच म्हणालीस."

"शून्यापासून मोजतात हो!"

"शून्यापासून कोण मोजतं? पहिल्या पोराला शून्य म्हणतात का?" पण बोलता बोलता काकांचा चेहरा पांढरा पडला.

"हलवू नका. आतली चकती फिरतीये अजून." ताईचा आवाज अगदी हळू झाला होता. "थांबू दे. आता तिथेच, सरळ आत."

काकांनी आत सरकवताना डिस्क दोनदा कडेला आपटता आपटता वाचली. ताईने त्यांचे मनगट धरले. मग तिने पट्टी सोलली. चौथ्या खणावर नारिंगी दिवा जळत होता.

"हा कोणी झाकला?"

"मीच," काका म्हणाले. "आठ महिने झाले. जेवताना डोळ्यात जायचा."

ताईने पट्टीचा गोळा करून काकांच्या हातात ठेवला. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरे झाले असते.

तिने मला पुन्हा चालू केले. एक डिस्क मेलेली, एक घाबरलेली. आता एखादी नुसती शिंकली असती तरी संपलो असतो. म्हणून ताईने आधी सगळे बाहेर काढायचे ठरवले. "पहिली कोणती फाईल, काका?"

"बाकावरच्या बाईंची."

मी सगळे स्क्रू घट्ट आवळून ती दिली. तिचा शेवटचा कण सावधच्या तिन्ही घरांत पोचेपर्यंत मी श्वास घेतला नाही, आणि पंखेवाल्याने श्वास रोखणे सोपे नसते. मग बाकीचे पाय निघाले, एकेक करून. शेवटी नवी डिस्क खणात बसली. संध्याकाळी पोहायला शिकवणाऱ्या बाई नव्या पायाने माझ्या दारावरून टक टक करत चालत गेल्या. तेवढ्या टक टकीला मात्र मी घाबरत नाही.

मोठ्या बाईंनी सावधला निवडले. ताईने तक्त्यात एक रकाना वाढवला: 'दुखले तर सांगतो कसा, आणि ऐकतो कोण?' ऐकतो कोण याखाली काकांनी स्वतः आपले नाव लिहिले. मला त्यांनी फेकले नाही. मी खालच्या फळीवर जादा प्रत सांभाळतो.

परवा नव्या संगणकांपैकी एकाचा नारिंगी दिवा लुकलुकला. काका जेवत होते. सवयीने त्यांचा हात पट्टीच्या रिळाकडे गेला, आणि माझे आठही खण गार पडले. मग त्यांनी रीळ तिथेच ठेवले, घास तोंडातच धरून ते दाराकडे धावले. "ताई! अगं ये लवकर, याला भीती वाटतीये!"

मित्रांनो, माझ्या कडेवर त्या पट्टीचा चिकटपणा अजून आहे. धूळ बसते, पण मी तक्रार करत नाही. एवढेच मागतो, की कोणी तुमच्यासमोर घाबरून लुकलुकत असेल, तर जेवण गार झाले तरी चालेल. आधी उठून बघा. तो स्वतःसाठी घाबरलेला नसतो. त्याच्या पोटात तुमचे पाय असतात.