जुन्या भोकात गेलेली सुई

मित्रांनो, मी एक जुना रबरी हात आहे. नुसता हात. खांद्यापाशी सुरू होतो आणि बोटांपाशी संपतो, बाकी शरीर मला मिळालंच नाही. रक्त काढायला शिकणारी मुलं आधी माझ्यावर सुई चालवतात आणि मग माणसांवर. माझ्या आत नळ्या आहेत. त्यांना शिरा म्हणायचं आणि त्यांत लाल पाणी भरायचं. सुई बरोबर लागली की पाणी वर येतं आणि शिकणाऱ्याच्या जिवात जीव येतो.

आरोग्य विज्ञानाची पदवी देणाऱ्या एका खाजगी कॉलेजात मला खोक्यातून बाहेर काढलं, तेव्हा माझी कातडी काय तुकतुकीत होती! काढलं ते बाईंनी. रक्ताच्या तपासण्या शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. "याला टोचताना सॉरी म्हणायची सवय लावा. हा ओरडत नाही, माणूस ओरडतो," असं त्या मुलांना सांगायच्या. मुलं खरोखरच मला सॉरी म्हणायची. मला ते फार आवडायचं.

पण रबर ते रबरच. एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचलं की भोक पडतं आणि ते काही बुजत नाही. मग सुई तिथून आपोआप सरकते आणि थेट नळीत जाते. टोचणाऱ्याला वाटतं, आपल्याला जमलं! म्हणून माझी कातडी वेळोवेळी बदलायची असते. बाई दर वर्षी नवी कातडी मागायच्या आणि ऑफिसातून दर वर्षी "यंदा जमणार नाही" एवढंच उत्तर यायचं. फी मात्र दर वर्षी न चुकता वाढायची. दारात कारंजं आलं, ऑफिसला काचेचं दार आलं, माझी कातडी तीच! रागानं तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मला ना तळपाय ना मस्तक, तरी ती जायची.

माझ्याकडे आलेल्या मुलांत एक मुलगी होती. सुई धरली की तिचा हात असा कापायचा की वर्गानं तिचं नाव थरथर ठेवलं. बाकीची मुलं कोपरातल्या जुन्या भोकात सुई घालून मोकळी व्हायची आणि गुण घ्यायची. ही मात्र दर वेळी नवी जागा शोधायची, चुकायची, चिडायची आणि पुन्हा टोचायची. शेवटी तिचा हात स्थिर झाला. पास झाल्यावर तिनं माझ्याशी हस्तांदोलन केलं. हसू नका. तेवढा मान मला दुसऱ्या कुणीही दिलेला नाही.

दोनेक वर्षांनी ती पुन्हा दिसली, ती प्रवेशाच्या मेळाव्यात. पोरांना आणि पालकांना कॉलेज दाखवायचा तो दिवस. मला टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवलं होतं. कॉलेजचे प्रवेश बघणाऱ्या साहेबांना मी मनातल्या मनात साखरतोंड्या म्हणतो. एका लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला लागलेल्या थरथरला त्यांनीच बोलावलं होतं. बाई आता निवृत्त होणार होत्या. साहेब तिला हळूच म्हणाले, "बाईंच्या जागी तुलाच घेतो. पगारही बरा देऊ. फक्त आज पालकांशी दोन शब्द गोड बोल."

तिनं होकारार्थी मान हलवली. फोटोवाल्यानं हातात सुई घेतलेली ती आणि तिच्यासमोर मी, असा आमचा फोटो काढला. ती हसली, पण डोळ्यांखालची काळी वर्तुळं काही लपली नाहीत.

मग एक इस्त्रीवाले आपल्या मुलीला घेऊन आले. त्यांच्या बोटांवर जुने चटके होते आणि सदऱ्याची कॉलर कडक होती. मुलीला दवाखान्यातलं काम शिकायचं होतं. दुकान गहाण टाकून कर्ज काढायची त्यांची तयारी होती. साहेबांनी मुलीच्या हातात सुई दिली आणि माझ्या कोपराकडे बोट दाखवलं. "इथं टोच बघू."

तिनं टोचलं. लाल पाणी झरकन वर आलं.

"पहिल्याच झटक्यात! असा हात लाखात एखाद्याचा असतो. या मुलीला थांबवू नका, दादा!" साखरतोंड्यानं टाळ्या वाजवल्या. मुलीचा चेहरा फुलला. इस्त्रीवाल्यांनी डोळे पुसले आणि प्रवेशाच्या आणि कर्जाच्या कागदावर सहीसाठी खिशातलं पेन काढलं.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती. एका भोकाच्या जोरावर एका माणसाचं दुकान गहाण पडत होतं!

पेन कागदावर टेकणार तेवढ्यात इस्त्रीवाल्यांनी थरथरला विचारलं, "ताई, तुम्ही इथंच शिकलात ना? महिन्याला हातात किती पडतात?"

"सुरुवातीला थोडं कमी असतं, पण पुढं भरपूर..." साहेबांनी मध्येच तोंड घातलं.

"मी त्यांना विचारलं," इस्त्रीवाले म्हणाले.

थरथरनं त्या पेनाकडे पाहिलं. साहेबांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला त्या नजरेतच बाईंची रिकामी खुर्ची दिसली.

"काका, अठरा हजार पडतात," ती म्हणाली. "त्यातले अकरा कर्जाच्या हप्त्यात जातात. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते ती वर्षभराचा कोर्स करून आलीये. तिलाही अठराच, आणि हप्ता नाही. काम चांगलं आहे, मला आवडतं. पदवीनं पुढे बढती मिळेलही, पण तोवर हप्ता थांबत नाही. सरकारी दवाखान्याच्या कॉलेजात हीच पदवी कितीतरी कमी फीत होते. आधी तिथं चौकशी करा." मग ती मुलीकडे वळली. "आणि ते भोक जुनं आहे गं. आता इथं टोच." तिनं बोटानं माझ्या मनगटाजवळची कोरी जागा दाखवली.

मुलीनं टोचलं. पाणी आलं नाही. पुन्हा टोचलं, तरी नाही.

"मलाही नव्हतं जमत," थरथर म्हणाली. "शिकशील तू. पण शिकवणारा खरं बोलणारा हवा."

इस्त्रीवाल्यांनी पेन खिशात ठेवलं आणि मुलीच्या पाठीवर हात ठेवून ते बाहेर पडले. बाईंच्या जागी कुणी दुसरंच आलं. थरथर अजून त्या अठरा हजारांवरच आहे. खरं बोलल्याचं हे बक्षीस! आणि इस्त्रीवाल्यांची मुलगी? ती सरकारी दवाखान्याच्या कॉलेजात शिकतेय, आणि दुकान अजून तिच्या बापाचंच आहे. निवृत्तीनंतर आपलं कपाट आवरायला आलेल्या बाईंनी थरथरकडून कळलेलं हे सगळं शिपायाला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

मला आता जिन्याखाली टाकलंय. पडल्या पडल्या समोरच्या भिंतीवरची कॉलेजची नवी जाहिरात दिसते. तिच्यात आमचाच फोटो आहे. सुई धरलेला थरथरचा हात आहे, त्याच्यापुढे मी आहे, आणि खाली मोठ्या अक्षरांत उज्ज्वल भविष्य लिहिलंय. तिचा चेहरा मात्र कापून टाकलाय. हात कामाचा होता, तोंड नव्हतं.

मित्रांनो, माझी कातडी बदला म्हणून मी आता रडत नाही. मागणं एकच आहे. उद्या तुमचे आईवडील तुमच्यासाठी अशा एखाद्या कागदावर सही करायला बसले, तर त्यांचा हात धरा आणि जाहिरातीतल्या हाताचं माणूस शोधून काढा. हप्ता गेल्यावर किती उरतं, हे त्यालाच विचारा. शेजारी साहेब उभे असले, तरी विचारा.