आधी बशी, मग सुई

मी बशी बोलतेय. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेली, निळ्या काठाची. माझी गोष्ट सांगायची तर आईच्या नवसापासूनच सुरुवात करायला हवी.

"देवा, आमच्या बाईसाहेबांची साखर उतरू दे," दिवा लावून आईने हात जोडले होते. "ती बरी होईपर्यंत मी गोडाला शिवणार नाही, घरात साखर ठेवणार नाही. आणि तिची सकाळ-संध्याकाळची सुई काही झालं तरी चुकवणार नाही."

आई म्हणजे या घरची गृहिणी. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली तरी मी या गृहिणीला आईच म्हणते. आणि बाईसाहेब म्हणजे आमची मांजर.

माझा जन्म भट्टीतला. या घरात मी पाच बहिणींबरोबर आले. प्रत्येकीच्या डोक्यावर एकेक कप. माझा कप बाबांच्या हातून निसटला आणि त्याचे तुकडे झाले. कप गेल्यावर बशीला कोण विचारतं? कपाटाच्या मागच्या फळीवर धूळ खात पडले. मग एके दिवशी मुलीने दुकानाच्या पायरीवरून मुठीएवढं पिल्लू उचलून आणलं, आणि आईने मला पुसून त्याच्यापुढे ठेवलं. त्या दिवसापासून मला पुन्हा मान मिळाला.

लाड फार झाले हो. दुधात भिजवलेली बिस्किटं, सायीचे गोळे, सगळं माझ्यावरूनच गेलं. बाईसाहेब उशीसारख्या फुगल्या. पुढे त्या वाळू लागल्या, शेजारची पाण्याची वाटी सारखी रिकामी करू लागल्या. "उन्हाळा आहे," आई म्हणाली आणि आणखी एक बिस्किट ठेवलं. त्या वाटीला आणि मला तोंड असतं, तर आम्ही तेव्हाच ओरडलो असतो.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून मधुमेह सांगितला, तेव्हा आईचा चेहरा पडला. "मांजरीलाही होतो?"

"होतो. पण घाबरू नका, घरच्या घरी सांभाळता येतो. औषधाची बाटली फ्रिजमध्ये ठेवा. जोरात हलवू नका, तळहातात हळूच लोळवा. आणि आधी खाऊ द्या, मग सुई. खाल्लं नाही, तर सुई न देता मला फोन करा."

पहिल्यांदा सुई द्यायची वेळ आली तेव्हा आईने डोळे मिटून सुई अशी पुढे केली, की बाबा म्हणाले, "अगं, बाईसाहेबांना टोचतेस की मला?" पण शिकली. मानेमागची कातडी चिमटीत धरायची, सुई घालायची, आणि लगेच डोक्यावरून हात फिरवायचा. बाईसाहेब खाण्यात एवढ्या गुंग, की त्यांना पत्ताही लागायचा नाही. नंतर त्या आईच्या मांडीवर चढून घुरघुरत बसायच्या. बिस्किटं बंद झाली, वजन सावरलं. नवस फळतोय, या आशेने आईचा चेहरा उजळला होता.

साखरेचा डबा तिने केव्हाच शेजारी देऊन टाकला होता. बाबा बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून प्यायचे. ती देवापुढे बसली, की दाढीच्या डब्यातून एक पुडी निघायची आणि गुपचूप चमचा फिरायचा. जमिनीवरून सगळं दिसतं मला. मी कुणाला सांगणार?

आणि मग ती सकाळ आली. बाईसाहेबांनी माझ्यावरचं खाणं हुंगलं, जिभेचं टोकही न लावता त्या दाराशी जाऊन पडल्या. आईने घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी काठोकाठ भरलेली.

"अगं, तिने खाल्लं नाहीये," बाबा वर्तमानपत्रातून म्हणाले. "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?"

"खाईल हो मागाहून. नेम चुकवला आणि काही वाईट झालं, तर? मी शब्द दिलाय."

"फोन तरी कर."

"तुम्हाला नेमातलं काय कळतंय!"

तिने सुई दिली. डोक्यावरून हात फिरवला आणि समाधानाने कामाला लागली.

भाजी चिरून होते न होते, तोच बाईसाहेब उठल्या आणि त्यांचे मागचे पाय लटपटले. त्या भिंतीवर आदळल्या. मग आडव्या झाल्या, अंगाला झटके येऊ लागले. आईच्या हातातली सुरी खाली पडली. बाबांनी फोन लावला.

"साखर एकदम खाली गेलीये," पलीकडून आवाज आला. "साखरेचं पाणी बोटाने हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका. आणि लगेच घेऊन या."

आईने डबे उघडले, बरण्या उघडल्या, रिकाम्या फळीवर हात फिरवला. "घरात साखर नाही हो! मीच काढून टाकली!" तसा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

बाबा आत धावले आणि दाढीचा डबा घेऊन आले.

आईने पुडी पाहिली, त्यांच्याकडे पाहिलं. रागवायला वेळ नव्हता. तिच्या बोटावरचं ते गोड पाणी हिरड्यांना लागत राहिलं, तेव्हा कुठे झटके थांबले. मग बाईसाहेबांना टॉवेलात गुंडाळून दोघं पळाले. मी भरलेली तशीच कोपऱ्यात राहिले.

संध्याकाळी बाईसाहेब घरी आल्या, जिवंत. आई देवापुढे बसून रडली. "तुला दिलेला शब्द पाळायला गेले आणि तिचाच घात करत होते."

"देवाने घड्याळ बघायला सांगितलं नव्हतं गं," बाबा हळूच म्हणाले. "बाईसाहेबांचं पोट बघायचं होतं."

"आणि तुम्ही चोरून साखर खात होतात!"

"खात होतो म्हणून तर आज—" बाबा वाक्य तसंच सोडून बाईसाहेबांच्या पाठीवरून हात फिरवू लागले.

तेव्हापासून साखरेचा डबा फळीवर परत आला आहे. त्याला कुणी हात लावत नाही, फक्त तो भरलेला असतो. आता माझ्या काठाचा टवका उडाला आहे, पण रोज सकाळी आई मला उचलून उजेडात धरते, किती खाल्लं ते बघते, मगच फ्रिज उघडते. मी भरलेली दिसले, की आधी फोन करते. बाईसाहेब बऱ्या आहेत. पण फ्रिजचं दार वाजलं, की कपाटाखाली शिरतात, आणि सुईनंतर मांडीवर येत नाहीत. आई तरीही मांडी घालून थोडा वेळ बसून राहते. येईल एखाद्या दिवशी, म्हणते.

तुमच्या घरीही असं एखादं मुकं जनावर आजारी असेल, तर जरूर नवस बोला. देव ऐकतो, असं आई सांगते. फक्त ती आता बोललीये तसा बोला: आधी बशीत बघेन, मग सुई हातात घेईन. आम्हाला बोलता येत नाही हो. तेवढं वाकून बघा.